दवाखान्याची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



डॉक्टरांचा प्राप्तीकर आणि त्यांच्या व्यवसायाची मांडणी या विषयावर मी बोलावे असा सेक्रेटरीबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी सातवी झालेली बाई. हळदीकुंकवाच्या हिशेबापलीकडे मला काय कळणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "मुलीच्या दवाखान्यात वही घेऊन रोज तुम्हीच बसता ना? मग त्या वहीविषयी बोला." तेव्हा जे वहीत आले तेवढेच मी सांगणार आहे. चुकले-माकले तर पोटात घालावे.

आपल्या मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. इथे बसलेल्यांपैकी कोणाचा मुलगा, कोणाची सून, कोणाचा जावई डॉक्टर आहेच. आपण त्यांच्या फीसाठी पाटल्या मोडतो, वसतिगृहात डबे पोचवतो, आणि पाटी लागली म्हणजे सुटलो असे समजतो. पण साडेपाच वर्षांच्या अभ्यासात आमच्या मुलीला माणसाच्या अंगातली सगळी हाडे शिकवली, मिळालेल्या पैशाचे काय करायचे ते मात्र कोणी शिकवले नव्हते. ते आम्ही दोघी मायलेकी ठेचा खात शिकलो.

२०२२-२३ साली ती एका खाजगी रुग्णालयात लागली. महिना ५०,००० रुपये ठरले. पहिल्या महिन्यात बँकेत आले ४५,०००. विचारले तर म्हणे, कर कापून घेतला. आम्हाला वाटले, बरे झाले, कर परस्पर भरला गेला, आता काही करायला नको. वर्ष संपल्यावर तिच्या बरोबरीच्या मुलींना 'फॉर्म १६' मिळाला आणि हिला मिळाला '१६ ए'. एका 'ए'ने काय बिघडते, असे म्हणून तिने तो कागद कपाटात टाकून दिला. विवरणपत्र भरलेच नाही.

त्या एका अक्षरात सगळे होते. फॉर्म १६ हा पगारदाराचा. १६ ए असेल तर तुम्ही त्या रुग्णालयाचे नोकर नव्हे, बाहेरून येऊन सल्ला देणारे व्यावसायिक. नेमणुकीच्या पत्रात तसे लिहिलेलेही होते, पण आम्ही आकडा पाहिला आणि पत्र मिटले. आपल्या भाषेत सांगायचे तर, एक बाई आपल्या घरी येऊन, आपल्या वेळेवर, आपल्या गॅसवर स्वयंपाक करते, तिला आपण पगार देतो. दुसरी स्वतःच्या घरी, स्वतःच्या पिठाच्या पोळ्या लाटून देते, तिला आपण पोळ्यांचे पैसे देतो. काम एकच, पण पहिलीला सुट्टी मागता येते, दुसरीला नाही. डॉक्टरांचे तसेच आहे. पगारदाराला भविष्यनिर्वाह निधी, रजा, आणि करातून प्रमाणित वजावट मिळते (२०२५-२६ साली नव्या पद्धतीत ती ७५,००० रुपये होती). सल्लागाराला यातले काही नाही. त्याच्या फीतून १० टक्के सरसकट कापतात आणि ते त्याच्या पॅन नंबरावर जमा करतात. हे कापणे म्हणजे खरा कर नव्हे, ती उचल आहे. खरा हिशेब वर्षअखेर आपणच द्यायचा असतो.

२०२३ च्या डिसेंबरात आमच्या ओळखीच्या एका सी.ए. मुलाने तो कागद पाहिला आणि म्हणाला, "काकू, अहो, हिचेच ६०,००० रुपये सरकारकडे पडून आहेत." तारीख ३१ जुलैलाच गेली होती, पण ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र घेत होते. दंड १,००० रुपये.

हे ६०,००० कसे, ते सांगते, कारण प्रत्येक लहान डॉक्टरला यातच गोडी आहे. १९६१ च्या प्राप्तीकर कायद्यात २०१६ साली ४४ एडीए नावाचे कलम घातले. त्यात असे आहे की डॉक्टर, वकील, इंजिनियर अशा व्यावसायिकाची वर्षाची एकूण जमा ५० लाखांच्या आत असेल, तर त्याने खर्चाच्या पावत्या दाखवत बसू नये. जमेच्या निम्मे उत्पन्न धरावे, निम्मा खर्च धरावा आणि मोकळे व्हावे. २०२३ च्या अर्थसंकल्पाने ही मर्यादा ७५ लाख केली, पण रोखीने आलेली रक्कम जमेच्या ५ टक्क्यांच्या वर नसेल तरच. मुलीची जमा ६ लाख, म्हणून उत्पन्न ३ लाख. तेव्हाच्या नियमाने ५ लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य. कापलेले सगळे परत.

मला हे खटकले. मी त्या मुलाला म्हटले, "हिचा खर्च काही ३ लाख झाला नाही. स्कूटरचे पेट्रोल, चार पुस्तके आणि एक स्टेथोस्कोप. मग हे खोटे नव्हे का?" तो हसला. म्हणाला, "काकू, तुम्ही खर्च झाला असे म्हणतच नाही. निम्मे धरा असे कायदाच म्हणतो. ज्या डॉक्टरचा खर्च ७० टक्के होतो, त्याने ही वाट धरली तर त्यालाही निम्माच मिळतो." मग माझे समाधान झाले. या वाटेला आणखी एक कुंपण आहे. निम्म्यापेक्षा कमी उत्पन्न दाखवायचे असेल, आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर जात असेल, तर रीतसर जमाखर्च ठेवून त्याची तपासणी करून घ्यावी लागते.

पैसे परत मागायला गेलो तर दुसरीच अडचण. प्राप्तीकर खात्याच्या २६ एएस नावाच्या उताऱ्यात आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दिसते. त्यात ४५,०००च दिसत होते. शेवटच्या तीन महिन्यांचे १५,००० कापले होते, पण आमच्या खात्यावर चढले नव्हते. मुलगी दोनदा जाऊन आली. तिसऱ्या खेपेस मी गेले, बाकावर बसले आणि म्हटले की कागद झाल्याशिवाय मी उठत नाही. दोन तासांनी त्यांच्या हिशेबनिसाने चूक कबूल केली आणि पत्रक दुरुस्त करून पाठवले. म्हणून सांगते, तो उतारा वर्षातून एकदा नव्हे, दर तीन महिन्यांनी पाहावा. मुले कामात असतात, त्यांना सवड नसते. आपण पाहावा. मोबाईलवर दिसतो.

त्या पैशातून दवाखान्याच्या गाळ्याची अनामत भरली. २०२५ च्या पाडव्याला पाटी लागली. आणि मग मांडणीचा प्रश्न आला.

मुलीची एक मैत्रीण दातांची डॉक्टर आहे. गाळा दोघींनी मिळून घेतला. मैत्रिणीच्या वडिलांचे म्हणणे पडले की दोघींची भागीदारी करावी, एक नाव, एक खाते. कोणी सांगितले की कंपनीच काढा, मोठे दिसते. आमच्या जेवणाच्या टेबलावर आठ दिवस हेच चालले होते. शेवटी सी.ए. मुलाने पाटीवर हिशेब मांडला, तो मी वहीत उतरवून घेतला आहे.

समजा, दोघींची मिळून १४ लाख प्राप्ती झाली. दोघी वेगवेगळ्या राहिल्या तर प्रत्येकीची ७ लाख. नव्या पद्धतीत त्यावर कर शून्य. २०२५-२६ साठी तर ही सूट १२ लाखांपर्यंत नेली होती. आता भागीदारी केली तर? भागीदारी पेढी हा कायद्याने वेगळा करदाता. तिला पहिल्या रुपयापासून ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. करमुक्त मर्यादा नाहीच. भागीदारांना पेढीतून मेहनताना देता येतो, पण त्यालाही माप आहे. २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या ६ लाखांच्या नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के यांतले जे जास्त असेल ते, आणि पुढच्या नफ्यावर ६० टक्के. म्हणजे ५,४०,००० आणि ४,८०,००० मिळून १०,२०,०००. उरलेल्या ३,८०,००० वर पेढीला कर १,१८,५६०. भांडवलावर व्याज देऊन तो थोडा कमी करता येतो एवढेच. तेच काम, तेच रोगी, तेच दात, आणि नुसत्या नाव एकत्र करण्याचे सव्वा लाखाच्या जवळपास!

कंपनीत दोघींनी पगार घेतला तर कर वाचतो, हे खरे. पण कंपनी म्हटली की जमा कितीही थोडी असो, दरवर्षी हिशेबाची तपासणी सक्तीची, सभांचे ठराव, निबंधकाकडे पत्रके, आणि बंद करायची म्हटली तरी कटकट. शिवाय पगार न घेता नफा कंपनीत ठेवला आणि मग लाभांश म्हणून घेतला, तर २०२० पासून तो घेणाऱ्याच्या हातात पुन्हा करपात्र होतो. मोठे रुग्णालय असेल, बाहेरचे भांडवल आणायचे असेल, पाचपन्नास माणसे कामाला असतील, तर कंपनी शोभते. एका गाळ्यात दोन खुर्च्या आणि एक वजनकाटा यांना कंपनी कशाला? एल.एल.पी. म्हणून मर्यादित जबाबदारीची भागीदारी २००८ च्या कायद्याने आली आहे, पण तिला ती निम्म्याची सवलत मिळत नाही. आणि एकत्र कुटुंबाच्या नावावर फी दाखवावी असे आमच्या एका नातेवाइकांनी सुचवले. तेही चालत नाही. डॉक्टरची फी ही तिच्या स्वतःच्या विद्येची कमाई, ती कुटुंबाची होत नाही.

कोणी म्हणेल, कंपनी केली की रोग्याने दावा लावला तरी आपण सुटलो. तसे नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून हे दावे होतात. ज्या डॉक्टरच्या हातून हयगय झाली, त्याची स्वतःची जबाबदारी कोणत्याही पाटीमागे लपत नाही. बँकेचे कर्ज आणि दुकानदाराची बाकी यांपुरता काय तो कंपनीचा आडोसा. त्यासाठीही बँक बहुधा डॉक्टरची स्वतःची हमी घेतेच.

शेवटी दोघींनी वेगवेगळ्याच राहायचे ठरवले. भाडे, वीज, झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार निम्मा-निम्मा, आणि तसे कागदावर लिहून दोघींच्या सह्या. मैत्रिणीच्या वडिलांना हा आमचा अविश्वास वाटला. महिनाभर ते आमच्याकडे आले नाहीत. मग गणपतीत आले, आणि मोदक खाऊन गेले.

मैत्रिणीचा हिशेब मात्र निराळा आहे, हे लक्षात घ्या. दातांच्या डॉक्टरला खुर्ची, साहित्य, दात बनवून देणाऱ्या प्रयोगशाळेचे बिल, असा खर्च निम्म्याहून अधिक होतो. तिने ४ लाखांची खुर्ची कर्जाने घेतली. ती खुर्ची एका वर्षाचा खर्च धरत नाहीत, दरवर्षी १५ टक्के घसारा धरतात, म्हणजे पहिल्या वर्षी ६०,०००. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मे. संगणकाला ४० टक्के, आणि व्हेंटिलेटरसारख्या ठरावीक जीवरक्षक यंत्रांनाही ४०. पण निम्म्याची वाट धरली तर घसारा आणि कर्जाचे व्याज त्या निम्म्यातच आले असे समजतात, वेगळे मागता येत नाही. आज तिची जमा लहान आहे, तेव्हा कोणत्याही वाटेने कर शून्यच. जमा वाढली की तिला रीतसर जमाखर्चच फायद्याचा पडेल. म्हणून एका डॉक्टरने केले ते दुसऱ्याने डोळे मिटून करू नये.

भागीदारीवरून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या माहितीतल्या एक बाई आहेत, गाव सांगत नाही. यजमान आणि दीर यांनी रुग्णालय काढले तेव्हा कागदावर तिसरी भागीदार म्हणून यांची सही घेतली. "इथे सही कर," एवढेच सांगितले. यांनी पोळी तव्यावर ठेवून सही केली. पुढे यंत्रांसाठी कर्ज झाले, यजमान वारले, आणि बँकेची नोटीस आली ती यांच्या नावावर. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे. त्यात पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रही जबाबदार असतो आणि एकटाही. त्याच्या घरादारासकट. ज्या बाईने त्या रुग्णालयाची पायरी दोन वेळा चढली असेल, तिला आपले स्त्रीधन विकावे लागले. भगिनींनो, घरातल्या माणसावर विश्वास ठेवू नका असे मी म्हणत नाही. पण पोळी उतरवा, गॅस बंद करा, कागद वाचा, आणि मग सही करा. इंग्रजी असेल तर मुलांकडून वाचून घ्या.

तसेच पत्नीच्या नावावर पगार दाखवण्याचे. पतीचा दवाखाना आणि पत्नी घरी बसलेली, पण कागदावर तिला महिना ३०,००० पगार. हे चालत नाही. तिच्याकडे त्या कामाची विद्या नसेल तर तो पगार पतीच्याच उत्पन्नात मिळवतात. पती-पत्नी दोघे डॉक्टर असतील, आणि तिची कमाई तिच्या विद्येचीच असेल, तर मात्र ती तिची.

आता माझी वही. जुन्या नियमांत डॉक्टरांसाठी ३ सी नावाचा रोजच्या रोग्यांच्या नोंदीचा नमुनाच होता. तारीख, अनुक्रम, रोग्याचे नाव, काय सेवा केली, म्हणजे नुसती तपासणी, इंजेक्शन की घरी जाऊन पाहिले, फी किती आणि कधी मिळाली. निम्म्याची वाट घेतली तर वहीची सक्ती नाही, तरीही मी ती ठेवते. जमा खरी कळल्याशिवाय निम्मे कशाचे काढणार? रोख वेगळ्या रकान्यात लिहिते, मोबाईलवरून आलेले वेगळ्या. गरिबाला सोडलेली फी तांबड्या शाईने. ती जमेत धरत नाही, पण मुलीने किती सोडले ते मला पाहायला आवडते. खर्चही लिहिते. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर रीतसर जमाखर्चात तो खर्च धरत नाहीत, हे ज्यांना लागू असेल त्यांनी ध्यानात ठेवावे.

औषध कंपन्यांच्या भेटी हा एक नाजूक विषय आहे. दिवाळीत मिक्सर येतो, कोणाला परदेशची तिकिटे येतात. २०२२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटी कंपनीला खर्च म्हणून वजा मागता येणार नाहीत. त्याच वर्षी १ जुलैपासून नियम आला, की एका वर्षात २०,००० रुपयांहून जास्तीची भेट असेल तर देणाऱ्याने १० टक्के कर कापावा. म्हणजे तो मिक्सर आता उताऱ्यात दिसतो! रोगी पाठवल्याबद्दल दिलेघेतलेले कमिशन तर वैद्यकीय नीतीनेच निषिद्ध, आणि देणाऱ्याला करातही वजा मिळत नाही. आमच्या दवाखान्यात पहिल्याच महिन्यात एक पाकीट आले होते. मुलीने ते परत पाठवले. त्याची नोंद वहीत नाही, पण मला आठवते.

वस्तू व सेवा कराविषयी थोडक्यात. रोग्याच्या उपचारावर तो नाही. नुसते सुंदर दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर आहे. जन्मजात व्यंग किंवा अपघात यांतून सावरण्यासाठी केलेली असेल तर नाही. आणि १८ जुलै २०२२ पासून रुग्णालयातल्या दिवसाला ५,००० च्या वरच्या खोलीवर ५ टक्के लावला, अतिदक्षता विभाग सोडून. याखेरीज महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. तो १९७५ च्या कायद्याचा, आणि लहान असल्यामुळे हमखास विसरला जाणारा.

आणखी एक. २०२५ साली प्राप्तीकराचा नवा कायदा झाला, आणि १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिवस ठरला. त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा मी सांगितलेले आकडे जुन्या कायद्याचे समजावे. 'मागील वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' हे दोन वर्षांचे कोडे जाऊन एकच 'कर वर्ष' आले, हे मला फार बरे वाटले. पहिल्या वर्षी त्या कोड्याने माझे डोके दुखले होते.

शेवटी माझ्या पगाराची गोष्ट. मी रोज पाच तास टेबलावर बसते. मुलगी म्हणाली, आईला महिना १०,००० द्यायचे. सी.ए. मुलाने सांगितले, आईचा पगार मुलीच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, कामाच्या मानाने वाजवी असेल तर हरकत नाही. स्त्रियांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय करही २०२३ पासून नाही. "पण," तो म्हणाला, "तुम्ही निम्म्याच्या वाटेने जाता, तेव्हा हा पगार द्या किंवा नका देऊ, करात एक रुपयाचाही फरक पडणार नाही."

मी म्हटले, "मग कशाला? घरातल्या घरात."

मुलगी म्हणाली, "फरक पडत नाही ना? मग द्यायचाच."

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या नावाच्या खात्यात पैसे येतात. पॅन कार्ड माझे आधीच होते, यजमानांनी काढून ठेवलेले. ते मी त्यांच्या कपाटातून माझ्या डब्यात आणले.

वही मी बरोबर आणली आहे. रोग्यांची नावे असलेली नव्हे, कोऱ्या पानांवर नुसते रकाने आखून आणले आहेत. ज्यांना हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी पाहावी, उतरवून घ्यावी.